साहेबांच्या गाडीखाली

१६ जानेवारी १९७८, सोमवार

मनुवहिनीने आज बैल विकले. दादा गेल्यापासून ह्याच जोडीवर तिनं शेत ओढलं आणि दोन पोरी वाढवल्या. घेणारे आप्पासो, येरळा नदीच्या पलीकडचे. माणूस सरळ आहे, पण बैल घेताना सख्ख्या भावाचंसुद्धा ऐकायचं नाही ही आपल्याकडची रीत. त्यांनी गाडीत दगड भरले, चाकं दोरखंडानं बांधून जाम केली आणि म्हणाले, "जुंपा." वहिनीनं स्वतः जू चढवलं. पाखऱ्यानं गुडघे टेकले, पण हरण्या-पाखऱ्याच्या जोडीनं गाडी हलवली. मग रुमालाखाली माझा आणि आप्पासोंचा हात गेला, बोटं दाबली, सौदा झाला. वहिनीला ह्यात काही अपमान वाटला नाही. उलट बैल ओढत होते तेव्हा ती हसत होती.

घरी यायला निघालो. वाडीच्या वळणावर ती एवढंच म्हणाली, "भावजी, आता तुमची गाडी हेच माजं बैल. बगून घ्या म्हंजी झालं."

बेत सगळा माझाच. पलटणीतून सुटताना मिळालेल्या पैशात मळणीचं यंत्र घेतलं, ते चिंचेखाली उभं आहे. वहिनीच्या बैलांच्या पैशात जीप घ्यायची. सुगीत यंत्र जीपला लावून गावोगाव मळणी करायची, एरवी बाजार, दुधाच्या किटल्या, कुणाचं अडलंनडलं तर वडूजचा दवाखाना. गाडी डिझेलची पाहिजे, पेट्रोल पाजणं आपल्याच्यानं होणार नाही. आणि चारी चाकं ओढणारी पाहिजे, कारण येरळेच्या वाळूतून यंत्र काढायचं म्हणजे थट्टा नाही. सबंध नोकरी मिलिटरीच्या गाड्यांवर गेली, तेव्हा गाडी मीच निवडणार हे कुणी बोललंसुद्धा नाही. धरूनच चालले. आपली छाती जरा फुगलीच.

२२ जानेवारी, रविवार

जतला जाऊन आलो. पुढे आत एका वस्तीवर सिद्धू धनगराची जीप आहे. मूळची मिलिटरी डिस्पोजलची, म्हणजे लिलावात काढलेली, त्यात डिझेल इंजिन घातलेलं. रंग म्हणाल तर तीन. मडगार्ड तारेनं आवळलेलं. मागं मेंढरं नेतात, त्यामुळं वासाचं काय सांगावं!

मी सदरा काढला, पोतं टाकलं आणि सरळ खाली शिरलो. चांगला घामाघूम होईपर्यंत बाहेर आलो नाही. ऑइल पाझरतंय, स्प्रिंगचा एक पाटा वाकलाय, स्टेअरिंगला ढिलाई आहे. एकेक खोट मोठ्यानं सांगितली. वस्तीवरची माणसं जमली होती, त्यांना ऐकू जाईल अशी.

सिद्धू रागावला नाही. "व्हय की. हाय तसं हाय. आन तुमी सांगिटलं न्हाई त्ये मी सांगतो. दुसरा गेर कवा कवा सुटतोय, हातानं धरून ठिवावा लागतोय."

मग म्हणाला, "जुंपून बगा की हवालदार. बगितल्याबिगर घिऊ नगा." त्यानं पाण्याची भरलेली टाकी जोडली आणि ओढ्यातल्या वाळूत गाडी घातली. पुढची चाकं वाळू खात वर आली. आवाज असा की कानठळ्या बसाव्यात, पण कुठं थांबली नाही.

त्याच्या बायकोनं, रंगुबाईनं, ताक दिलं. मी म्हटलं, विचार करून सांगतो.

गाडी वाईट नाही. पण वडूजच्या स्टँडवर हिच्यातून उतरायचं म्हणजे! गाडीला काही इभ्रत असते. मी काय उगाच पलटणीत राहिलो?

२९ जानेवारी, रविवार

जीप घेतली! सांगलीत विश्रामबागेकडं मेजर इनामदार म्हणून रिटायर साहेब राहतात, त्यांची. तीही डिझेलची, तीही चारी चाकांची. हिरवा रंग असा की तोंड बघावं. सीटांवर खोळी, टपाला नवं कॅनव्हास.

आज मी इस्त्रीचा पांढरा सदरा-पायजमा घालून गेलो होतो. फाटकातून शिरलो तर साहेब गुलाबाला पाणी घालत होते. पायात वहाणा होत्या तरी टाचा आपोआप जुळल्या. साहेबांनी कोर, म्हणजे सैन्यातली शाखा विचारली, नोकरी विचारली, आणि खुर्ची दिली. एका मेजरानं हवालदाराला खुर्ची दिली! मी टोकावर बसलो.

गाडी फिरवून आणली. माधवनगरपर्यंत, डांबरी रस्त्यानं. गिअर लोण्यासारखे पडतात. पुढची चाकं जोडायचा गिअरशेजारचा छोटा दांडाही ओढून बघितला, टकदिशी पडला. परत आल्यावर मनात आलं की खाली शिरून एकदा नजर टाकावी. पोतं मागायला तोंड उघडलं आणि मिटलं. साहेबांच्या दारात, साहेबांच्या गाडीखाली आडवं व्हायचं, म्हणजे साहेबांना तोंडावर खोटं पाडल्यासारखंच. मागं काहीतरी जोडून ओढून बघू हे तर बोलायचीच सोय नव्हती.

साहेब म्हणाले, "गाडी एकदम फिट आहे. कोई शक, हवालदार?"

"नहीं, साहब!" मी केवढ्यानं ओरडलो! शेजारचं कुत्रं भुंकलं.

येताना तासगाव, विटा, मायणी, सगळीकडं लोकं वळून बघत होती. वाडीत बायकोनं, चंद्रानं, चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला. वहिनीनं गाडीच्या नाकाला हळदकुंकू लावलं आणि विचारलं, "भावजी, यंत्र जोडून बगितलं का हो?"

मी हसलो. म्हटलं, "वहिनी, हा काय बैल आहे का? मेजरसाहेबांनी सांगितलं म्हणजे सांगितलं." चंद्राही हसली. वहिनीनं कुंकवाचा करंडा मिटला.

८ फेब्रुवारी, बुधवार

गाडी रोजच्या वापराला एक नंबर. बाजार झाला, दूध घातलं, चंद्राला पुढं बसवून वडूजला नेलं. स्टँडवर मास्तरांनी नमस्कार केला. सिद्धूच्या गाडीतून उतरलो असतो तर केला असता का? शाळूची कणसं वाळायला लागली आहेत. आप्पासोंच्या गावानं पहिली मळणी आपल्याला द्यायचं कबूल केलंय.

१९ फेब्रुवारी, रविवार

आजचं आजच लिहून टाकतो.

सकाळी यंत्र जोडून निघालो. वहिनी मागं बसलेली, नवं लुगडं नेसून. येरळेच्या पात्रात उतरण्याआधी छोटा दांडा ओढला आणि गाडी वाळूत घातली. निम्म्यात जाऊन बसली. बसली म्हणजे भुईत खुंटा ठोकल्यासारखी. मागची चाकं वाळू उडवत खाली खाली गेली. उतरून बघतो तर पुढची चाकं जिथल्या तिथं. हललीच नाहीत.

मग गेलो खाली. सदरा, पायजमा, सगळ्यासकट गेलो. पुढच्या आसाला ताकद नेणारा गाडीखालचा दांडाच नाही! प्रॉपेलर शाफ्ट नाहीच. दोन्ही तोंडं मोकळी, ग्रीस वाळून काळं पडलेलं. बसून नुसतं दोन मिनिटं बघितलं असतं तर आंधळ्यालाही दिसलं असतं. रिक्रुटांना मीच शिकवायचो, "पहले नीचे देखो." आणि मी बघितलं नाही.

पलीकडच्या काठावर सगळं गाव मळणी बघायला उभं. कुणी हसलं, कुणी म्हणालं, "हवालदार, मिलिटरीत बी असंच करत हुता काय?" शेवटी आप्पासो बैल घेऊन उतरले. वहिनीचेच बैल. आणखी एक जोडी होती पुढं, पण माझ्या डोळ्यांना दिसली ती हरण्या-पाखऱ्याची. पाखऱ्यानं वहिनीला ओळखलं, मान वळवून हुंगायला लागला. जू असताना बैलानं असं करायचं नसतं, आप्पासोंनी चाबूक उगारला. वहिनी म्हणाली, "मारू नगा, मी धरते." आणि पदर खोचून ती तिच्याच विकलेल्या बैलांपुढं चालली, तिच्याच पैशाच्या गाडीला ओढायला. मी स्टेअरिंगवर बसलो होतो. कुणीतरी बसावं लागतंच. पण जमीन दुभंगून आत गेलो असतो तर बरं झालं असतं.

मळणी झाली नाही. आप्पासोंनी बैल पातीला धरून, कणसं तुडवत खळं लावलं. यंत्र आणि गाडी बैलांनीच अलीकडच्या काठाला आणून सोडली.

२० फेब्रुवारी, सोमवार

वहिनीला सगळं सांगितलं. दांडा म्हणजे काय, तो कुठं असतो, नसला की काय होतं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजी साहेबानं फशिवलं?"

"तसं म्हणता येत नाही."

"मग इचारा की त्येला. तोंड हाय न्हवं तुमाला? माजं बैल गेल्यात भावजी. पेरणी आली म्हंजी मी कुणाच्या दारात जाऊ?"

तिचं बरोबर आहे. परवा गाडी घेऊनच जातो. साफ विचारतो. भिडभाड ठेवायची नाही. मेजर असतील ते पलटणीत.

२२ फेब्रुवारी, बुधवार

जे झालं ते जसंच्या तसं लिहितो, निदान इथं तरी.

वाटेत विट्यापासून बोलायची उजळणी करत गेलो. "सर, ही गाडी चारी चाकांची म्हणून दिलीत, शाफ्ट कुठं आहे?" एवढंच बोलायचं होतं. फाटक उघडलं. साहेब व्हरांड्यात होते. म्हणाले, "या हवालदार! कशी चालते आमची राणी?"

आणि मी म्हणालो, "फर्स्ट क्लास, सर!"

कुठून आलं हे तोंडात, देव जाणे. एकदा निघाल्यावर मागं कसं घेणार? साहेबांनी बॉनेटवर हात फिरवला. चहा आला. चिवडा आला. साहेब त्यांच्या पलटणीच्या गोष्टी सांगत होते आणि मी "जी सर, जी सर" करत होतो. मनात म्हणत होतो, हा कप संपला की बोलू. संपला, तर दुसरा आला. तोही संपला. साहेबांनी निघताना गुलाबाची कलमं इंग्रजी पेपरात गुंडाळून दिली, म्हणाले, "तुमच्या मिसेससाठी." मी सलाम ठोकला. कलमं घेऊन सलाम ठोकला! थू आहे माझ्या जिनगानीवर.

तासगावच्या पुढं गाडी कडेला घेतली आणि स्टेअरिंगवर डोकं ठेवून बसलो. मग एक ठरवलं, ते लिहायलाही लाज वाटते.

घरी वहिनी दारातच होती. मी म्हटलं, "साहेब नव्हते घरी. पुण्याला गेलेत लेकाकडं. दोन-तीन महिने येणार नाहीत म्हणे."

"घराला कुलूप हुतं?"

"हो ना."

"मग तुमी च्या तरी कुटं घेतला आसंल!"

"कुठला चहा? उपाशी आलो."

चंद्रानं ताट वाढलं. पोट चिवड्यानं भरलेलं, तरी दोन भाकरी खाल्ल्या. कलमं सांगलीच्या बाजारातून घेतली म्हणून सांगितली. वहिनीनं त्यावरचा कागद सोडवून किती वेळ हातात धरला, उलटासुलटा केला. तिला इंग्रजी कुठलं येतंय, चित्रं बघत असेल.

२ मार्च, गुरुवार

कराडला भंगारवाल्यांकडं हिंडलो. शाफ्ट गुपचूप कुठं मिळाला तर बसवून टाकावा, म्हणजे कुणाला काही बोलायलाच नको. एक आखूड निघाला, एकाची तोंडं वेगळी. साताऱ्यालाही तेच. सगळीकडं खळी लागली आहेत, बैल फिरताहेत. आमचं यंत्र चिंचेखाली आणि कोंबड्या त्यावर बसतात. वहिनी शेजारणीकडं खुडणीला जाते. आधी मजुरी देणारी बाई होती ती.

जेवताना तिनं विचारलं, "साहेब आलं आसंल का हो आता?" मी म्हटलं, "इतक्यात कुठलं." तिनं बघितलं माझ्याकडं आणि आमटी वाढली.

रात्रभर सिद्धूची गाडी डोळ्यांपुढून हलेना. त्या गरिबाच्या गाडीखाली शिरायला मला पोतंसुद्धा मागावं लागलं नव्हतं. मीच घेतलं होतं.

५ मार्च, रविवार

वहिनी सकाळच्या एसटीनं गेली. पिशवीत भाकरी बांधून घेतली. मी म्हटलं, मी सोडतो की गाडीनं. "नगं, यष्टीनं बरं." कुठं म्हणून विचारलं तर म्हणाली, "तिकडं जाऊन येते." तासगावकडं तिचं माहेर आहे, तिकडंच गेली असणार. बैलांचं रडगाणं भावापुढं गाणार. गावं, तिचा हक्क आहे. पण भाऊ मला काय म्हणेल?

६ मार्च, सोमवार

संध्याकाळी आली. डोक्यावर पोत्यात गुंडाळलेलं लांबट काहीतरी. मला वाटलं माहेरून काही आणलंय. तिनं ते ओट्यावर ठेवलं, ठणकन वाजलं. पोतं सोडलं तर शाफ्ट. घासलेटनं पुसलेला, चकचकीत. बोल्ट रुमालात वेगळे.

मी रुमालातले बोल्ट मोजायला लागलो.

ती पाणी प्यायली, पायरीवर बसली. "राती भावाकडं ऱ्हायले, सकाळी सांगलीला साहेबाकडं गेले. त्येंच्या आदीच्या डायवरानं काढून ठिवला हुता. डांबरीवर उगा घुमतोय म्हणून. त्येंला ठावंच नव्हतं. मी म्हनलं, आवं साहेब, गाडीचा फुडला दांडा कुटं हाय? तर बिचारा तसाच चड्डीवर ग्यारेजात गेला. समदी अडगळ काढली, हात काळं केलं, आन आणून दिला. वर माजीच माफी मागाय लागला."

मी खाली बघत होतो.

"त्यो मानूस वायीट न्हाई, भावजी. मला बी च्या दिला. म्हनला, तुमचं दीर मागं आलं हुतं तवा दोन कप च्या घेतला, कलमं नेली, आन गाडी फस्कलास हाय म्हनून गेलं. तवाच बोललं आसतं तर तवाच दिला आसता."

चंद्रा दारात उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि आत गेली. आत गेली हे बरं केलं.

"वहिनी," मी म्हटलं, "मी..." पुढं काय म्हणणार होतो? भ्यालो म्हणू? कुणाला? ज्या माणसानं मला खुर्ची दिली त्याला? त्यानं फसवलं असतं तर मला परवडलं असतं. निदान दुसऱ्या कुणावर तरी घालता आलं असतं.

वहिनी उठली. "बसवा आता दांडा. आप्पासोंचा हरभरा राह्यलाय अजून." रागावली नाही. एक शिवी घातली असती तर बरं झालं असतं. मी तिच्याशी खोटं बोललो, आणि ती एवढा लोखंडाचा दांडा मांडीवर घेऊन एसटीत बसून आली. कंडक्टरनं सामानाचं तिकीट फाडलं म्हणे, त्यावर तिची तक्रार होती. बाकी कशावर नाही.

९ मार्च, गुरुवार

शाफ्ट बसवला. येरळेत गाडी घातली, पुढच्या चाकांनी वाळू धरली, यंत्रासकट पलीकडं गेलो. काठावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला त्या घेता येईनात. हरभऱ्याची मळणी झाली. धुरळ्यात वहिनी पेंढ्या देत होती. बाया कौतुक करत होत्या, "हवालदारांनी गाडी दुरुस्त केली." वहिनीनं "व्हय" म्हटलं. सांगितलं नाही कुणाला. वाडीतही नाही, भावालाही नाही. मी दिवसभर वाट बघत होतो, आता सांगेल, आता सांगेल म्हणून.

२७ मार्च, सोमवार

गव्हाची सुगी जोरात. यंत्राला उसंत नाही. पाऊस पडायच्या आत वहिनी बैल बघणार आहे. तिचं तिनं ठरवलंय, मला विचारलं नाही. मळणीचे सौदेही आता तीच करते. लोकं माझ्याकडं आली की मी म्हणतो, वहिनीला विचारा.

आज दुपारी मी गाडीखाली ग्रीस भरत होतो. आप्पासो आले. त्यांनाही जीपची हौस आलीय. रहिमतपूरला एक आहे म्हणे, रिटायर मामलेदारांची, डिझेलची, अगदी टकाटक. म्हणाले, "वैनी, हवालदारांना दोन दिवस द्या की आमाला. साहेब लोकांची गाडी हाय, आमाला काय कळतंय?"

मी गाडीखाली होतो. बाहेर यायला पाहिजे होतं, आलो नाही. ग्रीसची पिचकारी छातीवर धरून तसाच पडून राहिलो. आता बोलेल असं वाटलं.

वहिनी म्हणाली, "न्या की. गाडीतलं आमच्या भावजींएवढं कुणालाच कळत न्हाई. फकस्त संगं मला बी न्या."

"तुमी कशापायी, वैनी?"

"इचारायला."

आप्पासो मोठ्यानं हसले. त्यांना वाटलं, वैनी गमतीनं बोलली. तिचे पाय मला चाकापलीकडं दिसत होते. ती जागची हलली नाही, माझ्या उत्तराची वाट बघत होती. मी खालूनच म्हटलं, "हां. वहिनी आली म्हणजे बरं होईल."

बेस्तरवारी, म्हणजे तीस तारखेला, जायचं ठरलं आहे. आम्ही तिघं.